ज्युपिटर नोटबुकांचे दस्तऐवज प्रसिद्ध करताना आउटपुट साठवावे की नोटबुक दर बिल्डला चालवावे?

प्रश्न (पर्वरी):
मुरगाव बंदरातील भरती-ओहोटीच्या नोंदींचे विश्लेषण करणारी एक छोटी पायथन लायब्ररी आम्ही विकसित करीत असून तिचे मार्गदर्शन ज्युपिटर नोटबुकांत (मजकूर, 'सेल' नावाच्या भागांतील कोड आणि त्याचे आउटपुट एकत्र ठेवणाऱ्या फाइलींत) लिहिलेले आहे. ती नोटबुके स्फिंक्स या दस्तऐवज तयार करणाऱ्या साधनाद्वारे संकेतस्थळावर प्रसिद्ध करायची आहेत. वर्षभराच्या नोंदींवर चालणारी काही नोटबुके फार वेळ घेतात, त्यामुळे प्रत्येक बिल्डला (पाने नव्याने तयार करताना) सगळी चालवणे परवडत नाही. आउटपुटसह गिट या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत ठेवावीत, तर आलेखाचा नुसता रंग बदलला तरी डिफमध्ये (दोन आवृत्त्यांतील फरकात) अगम्य अक्षरांची भिंत उभी राहते. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर (मडगाव):
सर्व नोटबुकांना एकच नियम लावण्याचे कारण नाही. नोटबुके स्फिंक्समध्ये आणणाऱ्या एनबीस्फिंक्स या विस्ताराची मूळ सेटिंग 'ऑटो' असते. तीत एकही आउटपुट साठवलेले नसेल, तरच ते नोटबुक बिल्डच्या वेळी चालवले जाते, अन्यथा आहे तसे घेतले जाते. तेव्हा जलद नोटबुकांचे आउटपुट एनबीस्ट्रिपआउट या साधनाने कमिटपूर्वीच (गिटमध्ये नोंदवण्यापूर्वीच) काढून टाकावे आणि संथ नोटबुके तेवढी आउटपुटसह ठेवावीत. मात्र साठवण्यापूर्वी कर्नल (कोड चालवणारी प्रक्रिया) रीस्टार्ट करून सर्व सेल वरपासून खालपर्यंत चालवावेत, कारण सेल उलटसुलट क्रमाने चालवले असतील तर पानावर दिसणारा आलेख वाचकाला त्याच कोडमधून मिळेलच असे नाही. डिफसाठी नोटबुकांतील फरक वाचनीय रीतीने दाखवणारे एनबीडाइम वापरून पाहावे.

उत्तर (फोंडा):
वरील सूचना योग्य आहे, पण ती मिस्ट-एनबी या एनबीस्फिंक्सच्या पर्यायाला जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथेही 'ऑटो' आहे, परंतु एखाद्या जरी सेलचे आउटपुट नसले तरी संपूर्ण नोटबुक पुन्हा चालते. केवळ इम्पोर्ट असलेल्या सेलला आउटपुट नसतेच, म्हणजे आपली संथ नोटबुके दर वेळी चालणार, आणि एका सेलला दिलेली ३० सेकंदांची मूळ मुदत संपली की अपयशी ठरणार. ती वगळण्याची सेटिंग वेगळी आहे, तीच वापरावी.

प्रश्नकर्ता (पर्वरी):
दोघांचेही आभार. आम्ही एनबीस्फिंक्सच वापरतो. परंतु लायब्ररी बदलल्यावर साठवलेले आउटपुट शिळे झाले, तर ते लक्षात कसे येणार?

उत्तर (मडगाव):
आपोआप येणार नाही, ही या पद्धतीची खरी किंमत आहे. आठवड्यातून एकदा, आणि प्रत्येक आवृत्तीपूर्वी न चुकता, सर्व नोटबुके चालवणारी 'ऑलवेज' सेटिंग देऊन स्वतंत्र बिल्ड लावावा. एखादा सेल कोसळला की एनबीस्फिंक्स बिल्ड थांबवते. निव्वळ आकडे बदलले असतील तर मात्र ते थांबणार नाही, म्हणून भरतीच्या मुख्य घटकाचा १२.४२ तासांचा आवर्तनकाळ यांसारख्या ज्ञात मूल्यांची तपासणी नोटबुकातच असर्टने (अट खोटी ठरल्यास कोड थांबवणाऱ्या विधानाने) लिहून ठेवावी.