मदत हवी आहे: बार्शी लाइट रेल्वेच्या जुन्या मार्गाच्या खुणा

कुर्डुवाडी ते बार्शी हा बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा 1897 मध्ये सुरू झाला आणि पुढे ही 762 मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज लाइन पंढरपूर, लातूर व मिरजेपर्यंत पोहोचली. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी प्रत्येक आसावरील भार सुमारे पाच टनांपुरता मर्यादित ठेवल्याने हलके रूळ आणि लहान पूल पुरेसे ठरले. माझ्या मते या मार्गाची खरी कल्पकता त्यातच होती.

ब्रॉडगेज झाल्यावर जुने रूळ उचलले गेले. बार्शीच्या बाजूला शेतांमधून जाणारा एक अरुंद भराव मला दिसला असून त्याखाली घडीव दगडांची छोटी मोरी आहे; बाभळी दूर केल्यावर खडी आणि गंजलेला एक खिळाही सापडला. (खिळा तिथेच ठेवला आहे.) परंतु हा भराव रेल्वेचाच की जुन्या गाडीवाटेचा, हे ठरवता येत नाही.

मोरीच्या बांधणीवरून किंवा भरावाच्या माथ्याच्या रुंदीवरून हे ओळखता येते का? तसेच रूळ उचलण्यापूर्वीचे भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे कोणी पाहिले असल्यास, ते कोठे व कसे पाहायला मिळतील, हे कृपया कळवावे.