मदत हवी आहे: मका केसांवर आला आणि पावसाने दडी मारली. मुरघास (हवाबंद दाबून मुरवलेला हिरवा चारा) करावा की दाण्याची वाट पाहावी?

वावर_मोताळा
मोताळा तालुका, मध्यम काळी जमीन. मका ३ एकर, पेरणी २२ जून, अंतर २ फूट बाय ८ इंच. विहिरीलगतच्या एका एकराला एक पाणी देता आलं, बाकी दोन एकर कोरडवाहू. १९ दिवस झाले, पाऊस नाही. कोरडवाहूत तुरे आणि केस आले, पण पानं सकाळी नऊलाच सुरळी होतात. खालची चार पानं वाळली. खंड पडायच्या दोन दिवस आधी एकरी एक बॅग युरिया टाकला होता. लष्करी अळीसाठी इमामेक्टिन फवारून आठ दिवस झाले, तरी काही कणसांत अळी आहेच. गोठ्यात ५ संकरित गाई, २ म्हशी. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) भरपूर, हिरवं काहीच नाही. मका रोज थोडा कापून घालू, सगळ्याचा मुरघास करू, की दाण्यासाठी ठेवू? अळीला अजून एक फवारा मारू का?

तास_धरून
आधी दाणा धरतो का ते बघा. दोन्ही भागांतून वेगवेगळ्या तासांतली (ओळींतली) पाच-सहा कणसं तोडा. वरचं साल चाकूने उभं चिरून हलक्या हाताने सोला, केसांना धक्का लागू देऊ नका. मग कणीस आडवं धरून हळूच झटका. ज्या दाण्याचं फलन झालं त्याचा केस दोन-तीन दिवसांत आपोआप सुटतो, तो खाली पडेल. जो चिकटून राहिला तिथे दाणा नाही. तुऱ्यातून अजून पिवळी भुकटी पडत असेल आणि केस ओलसर असतील तर चार-पाच दिवसांनी पुन्हा बघा. तुरा झडून गेला आणि निम्म्याहून जास्त केस चिकटलेलेच असतील, तर त्या भागात दाण्याची आशा सोडा. विहिरीलगतचा एकर बहुतेक दाण्याचा निघेल, त्याला दुसरं पाणी द्या.

गोठा_आणि_वावर
भाऊ, रोज थोडा कापून घालायचा विचार आत्ताच सोडा. युरिया टाकला आणि लगेच पाणी तुटलं, म्हणजे मुळांनी उचललेलं नायट्रेट खोडात साठून बसतं. पीक वाढत नाही, त्यामुळे ते प्रथिनात बदलत नाही. सगळ्यात जास्त असतं बुंध्याच्या पहिल्या फूटभर खोडात, पानांत कमी, दाण्यात जवळपास नाही. जनावराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते. धाप, लटपट, तोंडाच्या आतली चामडी निळसर-तपकिरी, रक्त चॉकलेटसारखं. गाभण गाय वाचली तरी गाभडू शकते.

यात लोक दोन चुका हमखास करतात. एक, पाऊस पडला की हायसं वाटून दुसऱ्या दिवशी विळा लावतात. पावसानंतर मुळं एकदम नायट्रेट ओढतात, तेव्हा ते आणखी वाढतं. चांगला पाऊस झाल्यावर किमान सात दिवस कापू नका. दुसरी, संध्याकाळी कापून कुट्टी (बारीक तुकडे) ढिगाने ठेवतात आणि सकाळी घालतात. ढीग गरम झाला की नायट्राइट ढिगातच तयार होतं, आणि ते नायट्रेटपेक्षा कितीतरी जहाल.

वाळवूनही नायट्रेट जात नाही, मुरघासात मात्र बरंच उतरतं. म्हणून मुरघासच करा, आणि कापताना बुंधा फूटभर वावरात सोडा. चारा थोडा कमी भरेल, भरू द्या. पशुवैद्यकाकडे डायफिनाइलअमाइनची चाचणी होते: चिरलेल्या खोडावर थेंब टाकला की गडद निळा रंग आला, म्हणजे नायट्रेट जास्त. त्यात तीव्र आम्ल असतं, घरी करायची चाचणी नव्हे.

कुट्टीवाला
मुरघास करा, पण घाई नका करू. पानं वाळलेली दिसली म्हणजे मका वाळला असं नाही. दाणा न भरलेल्या ताटाचं खोड पाण्याने टच्च असतं, ओल ७५ टक्क्यांच्याही वर. तसा भरला तर खालून काळं पाणी गळतं, सगळा पौष्टिक रस जातो आणि वास सडका येतो. ओल ६५ ते ७० टक्के पाहिजे.

मोजायचं असं: फूटभर वरून कापलेली दहा ताटं कुट्टी करा, नीट कालवा, त्यातले २०० ग्रॅम काट्यावर घ्या. तव्यावर मंद आचेवर हलवत राहा, करपू देऊ नका. लागोपाठ दोनदा वजन सारखं आलं की थांबा. ६४ ग्रॅम उरलं तर कोरडा भाग ३२ टक्के, बेस्ट. ५० उरलं तर ओल ७५. तेव्हा थांबणं हाच पहिला उपाय. नाहीच थांबता आलं तर टनाला १२० किलो कोरडं कुटार मिसळलं की ओल ६८ वर येते.

गुळाचं पाणी शिंपडायची गरज नाही. दाण्यात जायची साखर खोडातच अडकलेली असते. युरिया तर अजिबात नको, आधीच नायट्रेटचा घोळ आहे.

आता हिशोब. ७ जनावरं, रोज १५ किलो, १२० दिवस: १२.६ टन. नासाडी धरून १५ टन भरावा लागेल. तुमच्या अंतराला ६ चौरस मीटर म्हणजे १० मीटर तास. तेवढा कापून तोला आणि ६७५ ने गुणा, एकरी किलो निघतात. १४ किलो भरले तर एकरी साडेनऊ टन, म्हणजे कोरडवाहू दोन एकरांत काम भागतं.

कुट्टी १ ते २ सेंटीमीटर. लांब राहिली तर दाबली जात नाही, हवा राहते, बुरशी येते. खड्डा एका दिवसात भरून झाका, अर्धफूट थर टाकून ट्रॅक्टरने दाबत जा. आणि भरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे खड्ड्यात किंवा ताडपत्रीखाली कोणी डोकावू नका. नायट्रेटच्या मक्यातून पिवळट-तांबूस वायू निघतो, हवेपेक्षा जड, फुफ्फुस जाळतो. पोरांना आधी सांगून ठेवा.

अळी_पाळत
फवारा नको. तुरा निघाला की पोंगा (शेंड्याची पानांची गुंडाळी) संपला, अळी कणसात शिरली. तिथे औषध पोचत नाही आणि चारा मात्र विषारी होतो. इमामेक्टिन ५ एसजी लिटरला ०.४ ग्रॅम, १५ लिटर पंपाला ६ ग्रॅम, हे पोंग्यात नोझल धरून मारायचं औषध. ती वेळ गेली. आधीच्या फवाऱ्याचं माहितीपत्रक काढून कापणीआधीचे दिवस वाचा, तेवढे भरल्याशिवाय विळा लावू नका. दाण्याच्या एकरात अळ्या हाताने वेचा. पोखरलेल्या कणसावर पिवळी-हिरवी बुरशी दिसली तर ते कणीस ढेपेत भरडू नका, त्या बुरशीचं विष, अफलाटॉक्सिन, दुधात उतरतं.

वावर_मोताळा
धन्यवाद सगळ्यांना. धुऱ्याकडे अर्धा एकर ज्वारी आहे, एकदा कापली होती, आता वीतभर फुटवे आलेत. मुरघास होईपर्यंत गाई त्यात सोडल्या तर?

गोठा_आणि_वावर
अजिबात नाही! हे वेगळं विष आहे. पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांत हायड्रोसायनिक आम्ल असतं, दहा-पंधरा मिनिटांतही जनावर पडतं. यात रक्त लालभडक असतं. हे विष चांगलं वाळवलं की उतरतं, म्हणून कडबा चालतो. डॉक्टरला बोलावताना मका खाल्ला की ज्वारी, हे पहिल्या वाक्यात सांगा. मक्याच्या विषबाधेत मेथिलीन ब्लू देतात. ज्वारीच्या विषबाधेत थायोसल्फेट आणि सोबत कधी सोडियम नायट्राइट, आणि तेच नायट्राइट मक्याच्या जनावराला गेलं तर जनावर हातचं जाईल.

वावर_मोताळा
तव्यावर केलं. २०० ग्रॅमचे ४६ उरले. कणसं झटकली: कोरडवाहूत दहापैकी सात केस चिकटलेले, विहिरीकडे जवळपास सगळे गळाले.

कुट्टीवाला
४६ म्हणजे ओल ७७. आत्ता भरायचा तर टनाला १५५ किलो कुटार लागेल, एवढ्याने मुरघास कुटाराचाच होईल. दर चार दिवसांनी तवा मांडा, ६० ग्रॅमच्या वर गेलं की कुट्टी मशीन सांगा. मध्ये पाऊस आला तर सात दिवस पुढे. विहिरीकडचा दाण्याला सोडा, त्याला यापुढे युरिया नको, फक्त पाणी.