विषय: व्हॅनने कोकण किनारा, मुंबई ते रत्नागिरी

सप्रेम नमस्कार मंडळी,
आपल्या मंडळातलं एक जोडपं डिसेंबरात परदेशातून विमानाने मुंबईत उतरून व्हॅनने किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत जाणार आहे. झोपणं, रांधणं गाडीतच. खर्च कमीत कमी. ऐसपैस म्हणून टेम्पो ट्रॅव्हलर घ्यावी असं त्यांच्या मनात आहे. मुंबईकर सभासदांनी कृपया कळवावं.
— सहल समिती

———

नमस्कार,
ट्रॅव्हलर नको. या रस्त्यावर पूल होईपर्यंत चार खाड्या फेरीबोटीनेच ओलांडायच्या आहेत: आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड. ओहोटीला बोट खाली जाते, धक्क्याचा उतार आणि बोटीचा फाळका यांच्यात कोन पडतो, आणि मागच्या चाकामागे लांब शेपूट असलेली गाडी नेमकी तिथे घासते. शिवाय गावांतून जांभ्याच्या गडग्यांमधले बोळ आहेत. समोरून एसटी आली की मोठी गाडी मागे घ्यावी लागते. मारुती ईको पावणेचार मीटरच्या आत बसते. मागची चाकं ओढणारी असल्याने सामान मागे भरलं तरी चढावर पकड सुटत नाही. दोघांना पुरते.

भाड्याने घेताना नंबरपाटी बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी, पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त मिळेल, पण अपघात झाला तर विमा अडतो. मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवाच. गाडीला भोकं पाडू नका, वेल्डिंग करू नका: परवानगीशिवाय फेरबदल कायद्यात बसत नाहीत. १२ मिमी प्लायचे तीन तुकडे आणि सुटी चौकट, एवढा पलंग पुरे. तो पट्ट्यांनी घट्ट आवळा. जोरात ब्रेक लागला की सुटा प्लाय थेट सीटच्या पाठीवर येतो.

बॅटरीचा हिशोब साधा आहे. पंखा २० वॅट, नऊ तास म्हणजे १८० वॅट-तास. दिवे आणि मोबाइल मिळून आणखी १००. १२ व्होल्टची (प्रत्यक्षात १२.८), ५० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सुमारे ६४० वॅट-तास देते, म्हणजे दोन रात्री. चार्जिंग चालत्या गाडीतून, पण मधे २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवा. थेट जोडली तर लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळतो. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभरावर. लांब लावला तर मधली वायर उघडीच राहते. फ्रिज घेऊ नका, तो या बॅटरीला एका रात्रीत झोपवेल. बर्फाची पेटी घ्या. हर्णैसारख्या मासळी बंदरावर लादी मिळते. मात्र तो बर्फ खायचा नाही, डबे गार ठेवायचा.

गॅसचे छोटे डबे विमानातून आणता येत नाहीत, मुंबईत घ्या. स्वयंपाक गाडीबाहेरच. दारं लावून शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो.
— दादरहून

———

आभार. पुळणीवरच गाडी लावून रात्र काढली तर?
— सहल समिती

———

अजिबात नको, आणि कारण नीट समजून घ्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, तीही उधाणाची. म्हणजे चांदणं बघायला संध्याकाळी सहाला पोचाल तेव्हा ओहोटी असते, पुळण मैदानासारखी रुंद दिसते. झोप लागते आणि पाणी सुरूच्या बनापर्यंत येतं. ओल्या वाळूत चाक रुतलं की ट्रॅक्टरशिवाय सुटका नाही, आणि बऱ्याच किनाऱ्यांवर वाहन उतरवायला बंदीही आहे.

फेरीबोटीलाही हाच नियम. उधाणाच्या दिवसांत खाडी भर दुपारी ओलांडा. सकाळी-संध्याकाळी सहाला धक्का सगळ्यात तिरका असतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, चढ-उतारच कमी, तेव्हा कधीही चालेल. दक्षिणेला जाल तशी भरती मुंबईच्या थोडी आधी लागते, म्हणून पक्की वेळ बंदरावर विचारा.

मुक्कामाला 'घरगुती राहण्याची सोय' अशी पाटी असलेल्या घराचं अंगण मागा. न्हाणीघराचे आणि पाण्याचे पैसे आधी ठरवा. दोघांना वीस लिटरचा एक जार दोन दिवस जातो. गाडी नारळाखाली लावू नका, काच फुटते. वेळास, आंजर्ले इथे कासवं अंडी घालायला येतात. समुद्राकडे तोंड करून हेडलाइट लावू नका, मादी उजेड बघून परत फिरते. मुक्काम हलवताना गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः ब्रेकच्या नळ्या.
— वेसाव्याहून