देव न मानणाऱ्याने खंडेनवमीला मशीनची पूजा करावी का?

टूलरूमवाला
भोसरी एमआयडीसीत टूलरूम, म्हणजे साचे-हत्यारं बनवायचा विभाग, सांभाळतो. मुलगी पुणे विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए. करतेय. यंदा खंडेनवमीला तिला कारखान्यात घेऊन गेलो होतो.

आमच्याकडे पूजा साग्रसंगीत असते. आदल्या दिवशी दुपारपासून मशीन बंद. कूलंटच्या टाक्या उपसायच्या, धातूच्या चिप्स काढायच्या, मशीनचे बेड पुसून घ्यायचे. सकाळी व्हीएमसीच्या (धातू कापणाऱ्या संगणकी मशीनच्या) दाराला झेंडूचा हार, कंट्रोल पॅनेलला हळदकुंकू. लाल कापडावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल गेज ही मापायची उपकरणं मांडतो. क्वालिटीवाला डोळ्यांत तेल घालून शेजारी उभा: "कुंकू फ्रेमला लावा, अ‍ॅन्व्हिलला नको." (अ‍ॅन्व्हिल म्हणजे मायक्रोमीटरचं माप घेणारं टोक.) मशीनच्या सरकत्या स्लाइडवर अक्षता टाकायच्या नाहीत, वायपरखाली जातात. नारळ शेडच्या बाहेर फोडायचा. भटजी नसतो, आरती मीच म्हणतो.

मी घरी देवापुढे हात जोडत नाही, हे मुलीला पक्कं ठाऊक आहे. परत येताना गाडीत म्हणाली, "बाबा, तुम्ही मानत नाही ना? मग हे काय होतं?" मी आपलं 'परंपरा' म्हणून सटकायला बघितलं. त्यावर तिने मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ काढला. आधुनिक जगातली जादू ओसरली असं तो म्हणतो म्हणे, आणि तुमच्या शेडमध्ये तर झेंडूचा ढीग. आता जाणकारांनी सांगावं, मी ढोंगी की वेबर चुकला?

निवृत्त मास्तरीण
वेबर चुकलेला नाही, लेकीने तो अर्धा वाचलाय. (परीक्षेपुरता सगळेच अर्धा वाचतात, जन्मभर पेपर तपासलेत मी.)

१९१७ साली म्युनिकला दिलेल्या व्याख्यानात त्याने ट्रामचं उदाहरण घेतलंय. ट्राममध्ये बसणाऱ्याला ती कशी चालते याचा पत्ता नसतो. उलट ज्याला युरोप तेव्हा 'रानटी' म्हणत होता, त्याला आपल्या हत्यारांची खडान्‌खडा माहिती असते. म्हणजे जादू गेली ती आपलं ज्ञान वाढलं म्हणून नव्हे. ट्राममधल्या माणसाला एक खात्री असते: मनात आणलं तर हे समजून घेता येईल, यात अगम्य शक्ती कुठलीही नाही, हिशेबाने सगळं हाताखाली आणता येतं. वेबरला अभिप्रेत आहे ती ही खात्री.

आता तुमच्या क्वालिटीवाल्याकडे बघा. कुंकू लावा, पण अ‍ॅन्व्हिलला नको! हा गृहस्थ वेबरच्या जगातलाच आहे. आणि स्पिंडलचं बेअरिंग आवाज करायला लागलं की तुम्ही नारळ वाढवता की बेअरिंग बदलता?

घोळ असा होतो की 'सेक्युलरायझेशन' या एका पोत्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. होसे कासानोव्हा या समाजशास्त्रज्ञाने १९९४ साली त्या सुट्या करून दाखवल्या. राज्य, बाजार, विज्ञान धर्माच्या ताब्यातून सुटणं ही एक. श्रद्धा-आचार ओसरणं ही दुसरी. धर्म चव्हाट्यावरून घरात जाणं ही तिसरी. तुमच्या शेडमध्ये पहिली पुरती झालीय, बाकी दोन्हींची चाहूलही नाही. पीटर बर्गरसारखा समाजशास्त्रज्ञ साठच्या दशकात धर्म ओसरणार असं सांगत होता आणि १९९९ मध्ये त्यानेच ते मागे घेतलं, त्यामुळे लेकीने मनाला लावून घेऊ नये.

ढोंगाचं म्हणाल, तर तलाल असद हा मानववंशशास्त्रज्ञ १९९३ च्या पुस्तकात सांगतो की धर्म म्हणजे मुळात मनातला विश्वास, ही समजूत युरोपातल्या ख्रिस्ती इतिहासातून घडलीय. जेजुरीला तळी उचलताना ताटाला हात लावणाऱ्याला "विश्वास आहे का?" असं कोणी विचारतं का? हात लागला, येळकोट झाला, तळी भरली.

नाईट शिफ्ट
चाकणला पॉवर प्रेसवर होतो. शिफ्ट धरताना प्रेसला हात लावून कपाळाला लावायचो, रोज. शेजारी सीएनसीवाले (संगणकाने चालणाऱ्या मशीनवरचे) थेट सायकल स्टार्टचं बटण दाबायचे. प्रेसमध्ये बोटं जातात, सीएनसीचं दार बंद असतं. याला थिअरी कशाला पाहिजे?

तळ्यात मळ्यात
@नाईट शिफ्ट, दादा, तुम्ही सांगितलं तीच थिअरी आहे! पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवर राहिला होता. तिथले लोक किनाऱ्यालगतच्या शांत पाण्यात विष कालवून मासे धरत. त्यात जोखीम नाही, म्हणून मंत्रही नाही. खुल्या समुद्रात मात्र जिवाशी गाठ, तिथे मंत्रतंत्र भरपूर. सीएनसी म्हणजे शांत पाणी आणि तुमचा प्रेस म्हणजे खुला समुद्र.

पण खंडेनवमीला हे लागू पडत नाही. आमच्या ऑफिसात त्या दिवशी प्रिंटरला आणि कागदाच्या पंचिंग मशीनलाही कुंकू लागतं. पंचिंग मशीनमध्ये कोणाचं बोट जाणार? तिथे दुर्खीम हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ काढावा लागतो. १९१२ च्या ग्रंथात तो म्हणतो की लोक एका ठिकाणी जमतात, भारावतात आणि ज्या वस्तूभोवती जमले ती पवित्र होते. भक्ती होते ती खरं तर समूहाची. तुमचं व्हीएमसी हे निमित्त.

दुर्खीमवर मी पीएच.डी. अडकवून बसलोय, तरी त्याच्यावर माझा एक राग आहे. 'समूह' म्हणतो, पण कोणाचा ते विचारत नाही. त्यासाठी आपल्या पुण्याच्या इरावतीबाई कर्वे वाचाव्यात. डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र-मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या बाई वारीत चालल्या आणि 'वाटचाल' हा लेख लिहिला. दिवसभर एकत्र गाणारी दिंडी जेवायला बसताना ब्राह्मण वेगळे, मराठे वेगळे, हे बाईंना खुपलं आणि त्यांनी ते लिहून ठेवलं. पुढे व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने तीर्थयात्रेत माणसं उच्चनीचतेच्या पायऱ्या विसरून एकमेकांना भेटतात असा सिद्धांत मांडला. पंढरीच्या वारीचं उदाहरण त्यानेही घेतलं होतं, पण इतरांच्या लिखाणावरून. दोघांपैकी मला बाईच जास्त पटतात, कारण त्यांनी पंगत बघितली.

म्हणून काका, एक विचारू? तुमच्या आरतीला कोण कुठे उभं असतं?

टूलरूमवाला
नेमकं दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत.

पुढे मालक आणि आम्ही. मग पर्मनंट. कंत्राटी मुलं दाराशी. आदल्या दिवशी टाक्या उपसतात तीच. आरतीनंतर बॉक्स वाटतात. पर्मनंटला अर्धा किलो काजूकतली, कंत्राटीला पाव किलो सोनपापडी.

आणि आमचा सगळ्यात चांगला टूलमेकर मुसलमान आहे. हार तोच बांधतो, हात नेटका म्हणून. आरतीला मागे उभा राहतो, टाळ्या वाजवत नाही. कोणी त्याला काही म्हणत नाही. आम्ही याला कौतुकाने सर्वधर्मसमभाव म्हणतो. त्याला काय वाटतं हे मात्र कोणी कधी विचारलेलं नाही, मीही नाही.

निवृत्त मास्तरीण
मग विश्वासाचा मुद्दा सोडा, लेकीला हा प्रश्न द्या. चार्ल्स टेलर हा तत्त्वज्ञ २००७ च्या ग्रंथात म्हणतो की देव मानणं हा अनेक पर्यायांतला एक पर्याय उरला, की तो काळ सेक्युलर. तुमच्याकडे न मानायचा पर्याय आहे, तुम्ही स्वतःच उदाहरण आहात. न येण्याचा आहे का? समाजशास्त्रज्ञ टी. एन. मदन यांनी १९८७ मध्येच बजावलं होतं की दक्षिण आशियात धर्म ही घरात ठेवण्याची खासगी बाब होणं अवघड. ते मला बरंचसं पटतं. पण धर्म सार्वजनिक राहणार असेल, तर त्यातून बाजूला राहणाऱ्याची सोय कोणी करायची, हे मला त्यांच्याकडे सापडत नाही.

त्या टूलमेकरशी एकदा मोकळं बोला.

नाईट शिफ्ट
मॅडम, माफ करा, पण विचारू नका. साहेबाने विचारल्यावर तो "काही प्रॉब्लेम नाही साहेब" हेच म्हणणार. दुसरं काय म्हणेल? त्यापेक्षा बॉक्स आरतीच्या आधी वाटा. सगळ्यांना सारखा. मग बघा कोण थांबतं.

टूलरूमवाला
बॉक्स एचआरकडे असतात आणि मालकांच्या हस्ते आरती झाल्यावरच द्यायचे असतात, कारण फोटो निघतो. तरी पुढच्या वर्षी आधी वाटायचं सुचवतो. सोनपापडीचं मात्र खरेदीवाल्याशीच भांडावं लागेल.

धागा मुलीला पाठवला. ती म्हणते टर्नर पुढच्या सेमिस्टरला आहे, आणि 'वाटचाल' घरात आहे का?