वरचे तीन रुपये

मृणाल, बी-३०४: काल मॉलमधल्या सुपरमार्केटमध्ये गेले होते. काऊंटरला ही रांग, म्हणून लेकाने मशीनकडे ओढलं. सगळं स्वतः स्कॅन करा, स्वतः भरा. कोथिंबिरीची जुडी काही केल्या घेईना, तिचा कोड यादीत शोधून टाकला. घामाघूम होऊन पैसे भरायला गेले तर स्क्रीनवर प्रश्न: १२४७ चे १२५० करू का? ३ रुपये मुलांच्या शिक्षणासाठी. "हो"चं बटण हिरवंगार, तळहाताएवढं. "नको" खाली कोपऱ्यात, फिकट, मला चष्मा लावून दिसलं. मागे चार माणसं उभी. दाबलं "हो". घरी येईपर्यंत डोकं फिरलेलं.

देशपांडे काका, ए-१०२: तीन रुपयांसाठी?

मृणाल, बी-३०४: तीन रुपयांसाठी नाही हो काका. गाठून मागितले त्याचं.

सुहास, सी-५०१: आणि दारात सिक्युरिटीने बिलावर शिक्का मारला की नाही?

मृणाल, बी-३०४: मारला तर! पिशवीत डोकावून दोन वस्तू ताडून बघितल्या. म्हणजे कॅशियरही मीच आणि संशयितही मीच 😄

सुहास, सी-५०१: मशीनच्या नावाने सरसकट खडे फोडू नका. डेकॅथलॉनमध्ये बघा, सगळं खोक्यात टाकायचं, आकडा तयार. प्रत्येक वस्तूला आरएफआयडी टॅग असतो, मशीन तो रेडिओ लहरींनी आपोआप वाचतं, स्कॅन करायची भानगडच नाही. किराण्यात ते कसं जमणार, कोथिंबिरीला कोण टॅग लावतंय.

स्नेहलताई, ए-६०३: मी लेकीकडे लेस्टरला आहे, इथे तर मशीन बोलतं. पिशवी जरा हलली की आतली बाई सुरू, भलतीच वस्तू ठेवलीत म्हणून. खाली वजनकाटा असतो, स्कॅन केलेल्याचं वजन जुळलं नाही की सगळं अडतं. मग दुकानातला मुलगा येऊन कार्ड लावणार. जावयाने वाइन घेतली तर वय बघायलाही तोच. उत्तर इंग्लंडमधल्या बूथ्स सुपरमार्केटवाल्यांनी तर २०२३ मध्ये बहुतेक दुकानांतली ही मशीनं काढली आणि परत माणसं बसवली.

पाटील, सी-२०४: देणगीचं गौडबंगाल वेगळंच आहे. आपल्या पैशांवर दुकानवाले टॅक्स वाचवतात. फॉरवर्ड आलेला, टाकू का?

नेने सीए, बी-७०१: नका टाकू. दुकान तुमचे पैसे फक्त गोळा करून संस्थेला देतं. ती त्यांची कमाई नाही आणि त्यांचं दानही नाही, त्यामुळे त्यावर त्यांना सूट घेता येत नाही. तुम्हालाही देणगीवरची करसूट हवी असेल तर संस्थेकडून तुमच्या नावाने, पॅनसकट प्रमाणपत्र लागतं, आणि तेही जुन्या कररचनेत असाल तरच. बिलाच्या कपट्यावर काही होत नाही.

मृणाल, बी-३०४: आणि ऑनलाइन? तिथे तर आधीच टिक केलेली असते.

नेने सीए, बी-७०१: त्याला नियम आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला चकवून हवं ते करायला लावणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत. संमतीशिवाय बिलात देणगी घुसवणं म्हणजे बास्केट स्नीकिंग. "नको" म्हणणाऱ्याला लाजवणं हाही त्यातलाच एक प्रकार. १९१५ या ग्राहक हेल्पलाइन नंबरवर तक्रार करता येते. तुझ्या मशीनने निदान विचारलं तरी.

शिंदे आजी, ए-२०१: मी आरोही टाईप करतेय, आजी सांगतेय. मशीनला नाही म्हणायला कसली लाज? मला काऊंटरवरच्या मुलीला नाही म्हणवत नाही. बिचारीला दिवसभर सगळ्यांना विचारायला लावलेलं असतं. तिच्यासाठी मी पाच रुपये देते, त्या संस्थेसाठी नाही.

देशपांडे काका, ए-१०२: अहो, मग आपली पोरं गणपतीची वर्गणी मागायला दारात उभी राहतात तेव्हा कोण नाही म्हणतं? तिथेही समोरच्या फ्लॅटचं दार उघडंच असतं.

मृणाल, बी-३०४: काका, त्यांना "पगार झाला की ये" सांगता येतं. मशीनला सांगून बघा. शिवाय पोरं पावती फाडून देतात, मंडप खिडकीतून दिसतो, आणि नंतर हिशोब नोटीस बोर्डावर लागतो. माझे ३ रुपये कुठल्या शाळेत गेले, कोणाला विचारू?

पाटील, सी-२०४: हिशोब लागतो?? गेल्या वर्षीचा दिवाळी झाल्यावर लागला.

खजिनदार: तुळशीच्या लग्नाआधी लागला होता. ऑडिटरकडे अडकला होता हे मीटिंगमध्ये सांगितलंय.

पाटील, सी-२०४: मीटिंगला होतं कोण?

खजिनदार: तुम्ही नव्हता.

देशपांडे काकू, ए-१०२: भांडू नका. मृणाल, ती कोथिंबीर केवढ्याला पडली गं?

मृणाल, बी-३०४: २९.

देशपांडे काकू, ए-१०२: गेटबाहेर २० ला आहे. वर चार मिरच्या टाकतो, न विचारता.