दोह्यात आपण लुटले गेलो की हरलो?

कूपरेजवाला (12 जून 2024, सकाळी)

कालच्या निकालाला पराभव म्हणायला मी तयार नाही. मॅच चुकली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: फुटबॉल विश्वचषक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीतला भारताचा शेवटचा सामना, कतारमध्ये कतारशी. 37व्या मिनिटाला ब्रँडनच्या पासवर छांगटेनं गोल मारला. त्या घडीला आपण गटात दुसरे, म्हणजे पहिल्यांदाच तिसऱ्या फेरीच्या दारात. मग 73व्या मिनिटाला त्यांना फ्री किक. युसुफ आयमनचं हेडर आपला गोली गुरप्रीतनं अडवलं, आणि चेंडू घरंगळत खांबाच्या बाहेरून गोलरेषेपलीकडे गेला. आता कॉर्नर मिळणार म्हणून आपली पोरं थांबली. त्यांच्या अल हुसेननं पायानं चेंडू आत ओढला, आयमननं जाळ्यात ढकलला, आणि कोरियन रेफरी किम वू सुंगनं चक्क गोल दिला. 85व्या मिनिटाला अल रावीचा दुसरा. 2-1. खेळ खल्लास.

ही दिवसाढवळ्या लूट आहे. कोणाला वेगळं वाटत असेल तर बोला.

आडवापास

मला वेगळं वाटतं, आणि शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय. चेंडू बाहेर गेला होता, मान्य. आंधळ्यालाही दिसेल. पण शिट्टी वाजली होती का? नाही. मग आपला बचाव हात वर करून उभा का? दहा वर्षांच्या पोरालाही पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, शिट्टी वाजेपर्यंत खेळत राहायचं.

आणि सगळं खापर त्या एका क्षणावर फोडताना बाकीचं सोयीस्करपणे विसरू नका. सहा सामन्यांत आपले गोल किती? तीन. कुवेतमध्ये मनवीरचा एक, गुवाहाटीत छेत्रीचा पेनल्टीवर एक आणि कालचा एक. गुवाहाटीत अफगाणिस्तानविरुद्ध 1-0 पुढे असताना 1-2 हरलो, तिथे कोणता कोरियन रेफरी होता? कोलकात्यात छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कुवेतशी 0-0. त्या दोनपैकी एक जरी जिंकलो असतो तर काल एवढी धाकधूक नसती. शिवाय कतार आधीच पुढे गेलेला, त्यांनी नव्या पोरांचा संघ उतरवलेला. त्यांच्याशी जिंकलंच पाहिजे अशी वेळ आपण आपल्या हातानं ओढवून घेतली.

कूपरेजवाला

गुवाहाटीबद्दल मी रडलोच नाही, तिथे आपण नालायक खेळलो. पण परीक्षेत आधीच्या पेपरला कमी मार्क पडले म्हणून शेवटच्या पेपरात तपासनिसानं मार्क कापले तर चालतं का? काल 73व्या मिनिटापर्यंत आपण पुढे होतो ही वस्तुस्थिती आहे. पूर्वार्धात तर आणखी एखादा गोल सहज व्हायला हवा होता.

पेठेतला (कोल्हापूर)

ओ भावा, शिट्टीचं सोड. त्या अल हुसेनला ठाऊक नव्हतं व्हय चेंडू भाईर गेलाय ते? सगळ्यांत जवळ तोच हुता. आमच्या शाहू स्टेडियमवर असं झालं असतं तर पुढचा अर्धा तास खेळच झाला नसता. पाटाकडील आणि शिवाजी तरुणची मॅच बघितलीस का कधी? तिथं रेफ्री थ्रो-इन द्यायलाबी दोनदा इचार करतोय.

आडवापास

आणि म्हणून शाहू स्टेडियमवर रेफरी चांगले होतात का? 😄

खिलाडूवृत्तीचंही ऐका. 3 मार्च 2023, बंगळुरू विरुद्ध केरळा ब्लास्टर्स, आयएसएल या आपल्या लीगचा बाद फेरीचा सामना, जादा वेळ. केरळाची भिंत उभी राहायच्या आत छेत्रीनं फ्री किक मारून गोल केला. त्यांचा कोच वुकोमानोविच संघ घेऊन मैदानाबाहेर गेला. नंतर क्लबला 4 कोटींचा दंड, कोचवर 10 सामन्यांची बंदी. तेव्हा आपल्यातले निम्मे लोक म्हणत होते, छेत्री हुशार, केरळा गाफील. आता समोरच्यानं गाफीलपणाचा फायदा घेतला तर तो चोर?

नियमावली

दोन्ही बाजू गोष्टींची सरमिसळ करताहेत. छेत्रीच्या वेळी चेंडू कायदेशीरपणे खेळात आणला की नाही यावर वाद होता आणि रेफरीनं आपलं मत सांगून परवानगी दिली. काल चेंडू खेळातच नव्हता. नियम 9 सांगतो, चेंडू जमिनीवरून किंवा हवेतून पूर्ण रेषेपलीकडे गेला की खेळ थांबला. तो ‘गाफीलपणाचा फायदा’ नव्हे, मृत चेंडूवरचा गोल.

आता लाइनमनविषयी. फ्री किकच्या वेळी त्याची जागा शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत, ऑफसाइडसाठी. चेंडू गोलीच्या अंगाखालून सरकताना त्याला गोलरेषेपर्यंत धावत पोहोचायचं असतं, आणि मध्ये सहा-सात माणसं. 2022 च्या विश्वचषकात जपान-स्पेन सामन्यात जपानच्या मितोमानं रेषेवरून आत ओढलेला चेंडू आठवा, बाजूनं बघितला तर बाहेर, वरून बघितला तर रेषेवर. म्हणून नियम असा की खात्री नसेल तर झेंडा वर करू नये. पण तिथे मिलिमीटरचा प्रश्न होता. इथे नव्हता. एवढं अंतर सुटणं ही मोठी चूकच.

गोलरेषेचं तंत्रज्ञान असतं तरी उपयोग नव्हता, ते फक्त दोन खांबांमधलं बघतं. व्हीएआर, म्हणजे रिप्ले बघून निर्णय तपासणारा व्हिडिओ रेफरी हवा होता, आणि एएफसी (आशियाई महासंघ) तो तिसऱ्या फेरीपासून लावते.

कूपरेजवाला

म्हणजे ज्या फेरीत पोहोचायचं ती गाठताना चोरी झाली तरी चालेल! मग आपल्या महासंघानं मॅच कमिशनरकडे तक्रार केलीये तिचं काय होईल? सामना परत खेळवता येतो की.

नियमावली

होणार नाही, लिहून ठेवा. खेळातल्या घटनेबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम असतो. चेंडू बाहेर गेला की नाही ही ‘घटना’ आहे. फेरसामना मिळाला तो 2005 मध्ये उझबेकिस्तान-बहरीनला. तिथे पेनल्टी मारताना उझबेक खेळाडू आधीच पेटीत शिरले. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा मारायची, पण जपानी रेफरीनं बहरीनला फ्री किक दिली. रेफरीनं काय पाहिलं यावर वाद नव्हता, नियमच चुकीचा लावला होता. फीफानं 1-0 रद्द करून सामना परत खेळवला आणि उझबेकिस्तानला तो 1-1 सुटला. पुढे परक्या मैदानावरच्या गोलाच्या हिशेबात बहरीन पुढे गेलं. तेव्हा फेरसामन्याची हौसही जपून करा.

मांडवीकाठ (मडगाव)

रेफरीवर एवढं लिहिलंत, 46 ते 73 मिनिटांवर कोणीच का नाही? पूर्वार्धात आपण वर दाबत होतो. ब्रँडनला मध्ये चेंडू मिळत होता, छांगटे आणि मनवीर दोन्ही कडांनी पळत होते. मुंबई सिटीचा छांगटे जसा खेळतो तसाच काल खेळला. उत्तरार्धात बचावाची आणि मधली अशा दोन्ही फळ्या खाली सरकल्या, चेंडू फक्त लांब मारायचा. मारायचा कोणाला? पुढे चेंडू धरणारा माणूस नाही. छेत्री गेल्यावर तर नाहीच. आयएसएलमध्ये जवळपास प्रत्येक क्लबचा नऊ नंबर, म्हणजे पुढे मध्यभागी खेळणारा, परदेशी. आपली पोरं कडेला खेळून मोठी होतात आणि राष्ट्रीय संघात आली की कोच स्टिमॅक त्यांना मध्ये उभं करतो.

एवढं खाली बसलं की पेटीजवळ फ्री किक मिळणारच. गोल बेकायदा, पण ती फ्री किक कशी आली ते विचारा ना.

दोहाकर

मी स्टेडियममध्ये होतो, समोरच्या टोकाला. तिथून काहीच कळलं नाही. आपले खेळाडू रेफरीभोवती जमले तेव्हा वाटलं ऑफसाइड असेल. रिप्ले फोनवर आला आणि सगळा स्टँड एकदम उसळला. आमच्या भागात निळे टी-शर्टच जास्त होते. मांडवीकाठ, एका मुद्द्यावर असहमत. उत्तरार्धात खाली बसणं चूक नव्हतं, 1-0 राखायचं होतं. खरी गडबड 1-1 नंतर झाली. उरलेला वेळ सगळे रेफरीशी भांडत होते, चेंडूशी नाही.

आडवापास

हेच! 1-1 वर शेवट झाला असता तर गुण झाले असते सहा. कुवेतनं अफगाणिस्तानला 1-0 हरवून सात केले. म्हणजे तो गोल झाल्यावरही आपल्याला जिंकणंच भाग होतं. सतरा मिनिटं आणि वरचा वेळ हातात होता. आपण काय केलं? दुसरा खाल्ला. त्यात रेषेबिषेचा काही संबंध नव्हता.

पेठेतला

आरं पण पयला दिला नसता तर दुसरा खायची येळच आली नसती की!

कूपरेजवाला (18 जून)

काल स्टिमॅकला काढलं. आडवापासला आनंद झाला असेल.

आडवापास

नाही झाला. आशियाई कपात तिन्ही सामने हरून एकही गोल झाला नव्हता, काढायचं तर तेव्हाच काढायचं होतं. आता काढलं म्हणजे त्या रेफरीनं काढलं.

मांडवीकाठ

नवा कोच कोणीही आणा. त्याला पहिला प्रश्न एकच विचारा, पुढे मध्यभागी कोणाला खेळवणार?