शासकीय लोकसंवाद सल्लागार म्हणून काम स्वीकारावे का? सल्ला हवा आहे

माणदेशी_वाट
नमस्कार. मी गेली सात वर्षे एका दैनिकाची तालुका वार्ताहर असून पाणीपुरवठा, ग्रामपंचायत आणि दुष्काळ हेच माझ्या बातम्यांचे मुख्य विषय राहिले आहेत. आता माझ्यासमोर दोन मार्ग आहेत. जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षात माहिती, शिक्षण व संवाद सल्लागाराचे, म्हणजे ज्याला सगळे ‘आयईसी सल्लागार’ म्हणतात ते, अकरा महिन्यांच्या कंत्राटावरील पद रिक्त आहे. तर पुण्यातील एक खासगी सल्लागार संस्था रस्ते व सिंचन प्रकल्पांच्या लोकसंवादासाठी माणसे घेत असून तेथील मानधन जवळजवळ दीडपट आहे. माझ्याकडे पत्रकारितेची पदविका आहे, समाजकार्याची पदवी नाही. पुढेमागे स्वतंत्र सल्लागार व्हावे अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

टिपणीबहाद्दर
ताई, तिसरा मार्गही नजरेआड करू नये. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारखी पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि तेथे पत्रकारितेचे शिक्षण व अनुभव उपयोगी पडतो. केंद्रात भारतीय माहिती सेवा आहे. मात्र तेथील बराचसा वेळ शासनाचे म्हणणे वृत्तपत्रांपर्यंत पोहोचवण्यात जातो, आणि जाहिरात केव्हा निघेल याच्या भरवशावर घर चालवता येत नाही.

पाणवठा
मी या क्षेत्रात सोळा वर्षे असून त्यांतील पहिली पाच जिल्हा कक्षात कंत्राटी म्हणून काढली आहेत, त्यामुळे स्पष्टच लिहितो: आधी जिल्हा कक्ष, मग खासगी संस्था. उलट क्रमाने आलेले सहकारी अहवाल देखणे लिहितात, पण ग्रामसभेत बोलायला उभे राहिले की त्यांना घाम फुटतो. कक्षात राहिल्यावर गटविकास अधिकारी, गट समन्वयक, आशा आणि अंगणवाडी सेविका या साखळीतून निरोप कसा उतरतो, कोठे अडतो आणि कोणाच्या सहीवाचून साधे भित्तिपत्रकही छापता येत नाही, हे आपोआप कळत जाते.

संवाद म्हणजे फलक, भिंतींवरच्या घोषणा आणि कलापथके, असा कार्यालयांचा पक्का समज आहे, कारण या गोष्टी मोजता येतात आणि देयकाला त्यांचे छायाचित्र जोडता येते. एका जिल्ह्यात आम्ही पाणीपट्टीच्या वसुलीसाठी गावोगाव पथनाट्ये केली, टाळ्याही मिळाल्या, पण वसुली जिथल्या तिथे राहिली. पुढे एका गावात विहिरीवर बायकांशी बोलत बसलो तेव्हा उलगडा झाला, की टाकीपासून चढावर असलेल्या वस्तीला नळाचे पाणी पोहोचतच नव्हते आणि न मिळालेल्या पाण्याची पट्टी भरायला तेथील लोक तयार नव्हते. प्रश्न प्रबोधनाचा नव्हता, व्हॉल्व्हचा होता. मी तसे लिहून दिले. ते टिपण कित्येक महिने कपाटात पडून राहिले, आणि अखेर एका उपअभियंत्याने ते वाचून दुरुस्ती केल्यावर त्या वस्तीतून पैसे येऊ लागले. गावाचे म्हणणे फाइलीत जसेच्या तसे उतरवणे हे आपले खरे काम आहे, मग ते कार्यादेशात लिहिलेले असो वा नसो.

समृद्धी महामार्गाचा इतिहास जरूर अभ्यासावा. 701 किलोमीटर लांबीच्या आणि 10 जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्यासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाने शेतकऱ्यांशी बोलण्याकरिता खास ‘संवादक’ नेमले होते. भूसंचयाच्या, म्हणजे जमिनी एकत्र घेऊन बदल्यात विकसित भूखंड देण्याच्या, मूळ योजनेला अनेक गावांनी विरोध केला आणि 2017 मध्ये जमिनीच्या थेट खरेदीचा मार्ग खुला झाल्यावर चित्र पालटू लागले. मी यातून एवढेच घेतो, की संवादकाच्या हातात देण्याजोगे काही नसेल तर त्याच्या गोड बोलण्याला गाव भुलत नाही.

खासगी संस्थेत पर्यावरणविषयक जनसुनावणीची कामे येतील. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार सुनावणीपूर्वी किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा उपस्थितांना स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवावा लागतो. सुनावणी शासकीय यंत्रणा घेते. आक्षेपांना प्रकल्पधारकाची जी उत्तरे जातात, त्यांचे मसुदे मात्र बहुधा सल्लागाराच्या टेबलावर तयार होतात. ‘काही ग्रामस्थांनी शंका उपस्थित केल्या’ अशा वाक्यावर भागवण्याची तेथे रीत आहे. वार्ताहराला ती मानवू नये.

पदवीविषयी: जागतिक बँकेच्या साहाय्याने चालणाऱ्या प्रकल्पांत, उदाहरणार्थ पोकरामध्ये (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प), सामाजिक बाजू पाहणाऱ्या पदांना समाजकार्याची पदव्युत्तर पदवी सहसा मागतात. आयईसीच्या पदाला पत्रकारिता बहुतेक ठिकाणी चालते, तरीही जाहिरातीतील अर्हता शब्दशः वाचावी.

निवृत्त_ग्रामसेवक
(आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आमची हयात जुन्या नावात गेली.) मी सतरंजीच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. सल्लागार सकाळी अकराला गाडीतून उतरतात, तेव्हा गाव रानात गेलेले असते. मग आम्ही चावडीवर बसलेली तीच सात-आठ माणसे गोळा करतो, सह्या घेतो आणि ‘ग्रामस्थांची बैठक’ झाल्याची नोंद होते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशीच्या ग्रामसभांतही बायका मागे उभ्या राहतात, त्यामुळे त्यांच्यासाठी महिला सभा वेगळी घ्यावी आणि मुक्काम करावा. रात्री आठनंतर जे ऐकाल ते दिवसा कोणी सांगणार नाही.

माणदेशी_वाट
सर्वांचे मनःपूर्वक आभार. जिल्हा कक्षाकडे कल झुकला आहे. पुढे स्वतंत्र काम करायचे झाल्यास आतापासून काय जपून ठेवावे, एवढे कृपया सांगावे.

पाणवठा
कागद. प्रत्येक कामाचा कार्यादेश आणि काम समाधानकारक पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र तारीख व रकमेसह त्याच महिन्यात घ्यावे, कारण अधिकारी बदलून गेल्यावर ते मिळवताना चपला झिजतात. कंत्राटी नोकरीचे अनुभवपत्र तुमच्या व्यक्तिगत पात्रतेसाठी चालेल. पण संस्थेच्या नावाने निविदा भरताना संस्थेची उलाढाल आणि संस्थेचीच पूर्ण झालेली कामे विचारली जातात, म्हणून सुरुवातीला एखाद्या जुन्या संस्थेबरोबर भागीदारीत निविदा भरावी. शिवाय देयके 31 मार्चच्या आसपास एकदम निघतात किंवा पुढच्या वर्षावर ढकलली जातात. निदान सहा महिन्यांचा घरखर्च आणि बयाणा रकमेपुरते (निविदेसोबत भरायच्या अनामतीपुरते) पैसे बाजूला पडल्याशिवाय राजीनामा देऊ नये.